काट्यावरचा आकडा आला कुठून?

भारतवारी करून आलेल्या आपल्यापैकी बहुतेक बायकांनी तीन वाक्ये ऐकलेली असतात. तिकडे आजी, मावशी, आत्या गालावरून हात फिरवत म्हणतात, "किती वाळलीस गं! तिकडे धड जेवतेस तरी का?" इकडे परतल्यावर वार्षिक तपासणीला जावे, तर नर्सबाई चपला काढायला लावून काट्यावर उभे करतात, संगणकात उंची भरतात आणि एक कागद हातात देतात. त्यावर 'ओव्हरवेट' असे छापलेले असते. घरी येऊन हे सांगावे, तर कॉलेजात जाणारी लेक म्हणते, "आई, वजनावरून स्वतःला असं बोलायचं नसतं. तू आहेस तशी छान आहेस."

बाई तीच, महिनाही तोच. मग खरे कोणाचे मानायचे?

वाचकहो, वजन उतरवण्याची युक्ती सांगण्यासाठी हा लेख नाही. तशा युक्त्या प्रत्येक दुकानाच्या गल्ल्याजवळ मासिकांच्या चळतीत मिळतात, आणि त्या इतक्या मिळतात यावरूनच त्यांचा गुण काय तो कळतो. मला मागोवा घ्यायचा आहे तो या तीन वाक्यांचा. तिन्ही वाक्यांना इतिहास आहे. प्रत्येक वाक्य हे आपापल्या काळातल्या एका खऱ्या संकटावरचे उत्तर होते. आपल्यापुढचे संकट मात्र जरा निराळे आहे, आणि त्याला जुनी उत्तरे पुरी पडत नाहीत, एवढेच मला सांगायचे आहे.

क्षयाच्या छायेतले शहाणपण

आजीपासून सुरुवात करू. 'खात्यापित्या घरची', 'अंगाने भरलेली', 'सुदृढ' हे आपल्याकडे कौतुकाचे शब्द. उलट 'काडी', 'वाळलेली', 'सुकलेली' हे शब्द नुसते रूपाचे वर्णन करीत नाहीत, त्यांत काळजी असते. ही काळजी उगीच आलेली नाही. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. त्याच सुमारास, आणि पुन्हा १८९९-१९०० मध्ये, दुष्काळ पडले. आणि प्लेग-दुष्काळ येऊन जात, पण क्षय मात्र घरात मुक्कामालाच असे. स्ट्रेप्टोमायसिनचा शोध १९४३ साली लागला. तोपर्यंत क्षयावर औषध असे नव्हतेच. दूध, अंडी, विश्रांती आणि मोकळी हवा एवढाच इलाज. मिरजेला किंवा पाचगणीला सॅनेटोरियममध्ये ठेवलेल्या माणसाचे वजन दोन पौंडांनी वाढले, की घरी आनंदाचे पत्र जाई. ज्या पिढीने हे पाहिले, तिच्या दृष्टीने वजन उतरणे म्हणजे दाराशी उभा राहिलेला यम होता.

आपल्या लोकांच्या अमेरिकेतल्या इतिहासाची सुरुवातच मुळी या रोगाने डागाळलेली आहे. डॉ. आनंदीबाई जोशी १८८३ साली फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजात आल्या, १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या आणि १८८७ च्या फेब्रुवारीत पुण्यात क्षयाने गेल्या. वयाची बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती.

त्याच फिलाडेल्फियात त्या काळी सायलस वीअर मिचेल नावाचे नामांकित डॉक्टर होते. १८७७ साली त्यांनी एक पुस्तक लिहिले, त्याचे नावच 'फॅट अँड ब्लड'. थकलेल्या, अशक्त, 'नर्व्हस' झालेल्या बायकांना त्यांचा उपाय असा : महिना-दीड महिना अंथरुणात पडून राहायचे, भरपूर दूध प्यायचे, लोणी-मटण खायचे आणि वजन वाढवायचे. म्हणजे 'वाळलीस गं' हे वाक्य केवळ आपल्या आजीचे नव्हे. एकोणिसाव्या शतकातले अमेरिकन डॉक्टरही तेच म्हणत होते. विसाव्या शतकाच्या आरंभी विमा कंपन्यांनी आपले हिशेब तपासले, तेव्हा त्यांनाही तरुण माणसांच्या बाबतीत किडकिडीतपणाचीच धास्ती अधिक वाटली. कारण तरुणपणी मरण येई ते क्षयाने किंवा न्युमोनियाने.

आजी चुकत नव्हती. तिचे वाक्य तिच्या काळाला पक्के बसत होते.

उष्मांक, सिगरेट आणि डोळे

मग वारे फिरले कधी? १८९० च्या दशकात कनेटिकट राज्यातल्या मिडलटाऊन गावी विल्बर ॲटवॉटर या रसायनशास्त्रज्ञाने एका बंद खोलीत माणूस ठेवून त्याच्या अंगातून किती उष्णता बाहेर पडते ते मोजले. अन्न हे इंधन आहे आणि ते उष्मांकांत, म्हणजे कॅलरींत मोजता येते, ही कल्पना त्याने घरोघर पोचवली. त्याचा हेतू मोठा चांगला होता. मजुराने आपल्या तुटपुंज्या पगारात जास्तीत जास्त पोषण कसे विकत घ्यावे, हे त्याला शिकवायचे होते.

हीच मोजपट्टी १९१८ साली उलटी धरली गेली. लॉस एंजेलिसच्या डॉ. लुलू हंट पीटर्स यांचे 'डाएट अँड हेल्थ' हे पुस्तक त्या वर्षी निघाले. बाईंचे स्वतःचे वजन एके काळी २२० पौंड होते आणि त्यांनी सत्तरेक पौंड उतरवले होते. पावाचा तुकडा म्हणू नका, शंभर कॅलरी पाव म्हणा, असा त्यांचा धडा. पहिले महायुद्ध चालू होते, अन्नाची टंचाई होती, तेव्हा अंगावर चरबी साठवणे म्हणजे धान्याची साठेबाजी करण्यासारखेच देशद्रोहाचे, असेही त्यांनी विनोदाने सुचवले. दिवसाला १२०० कॅलरी हा आकडा आपल्या ओळखीचा आहे ना? तो या पुस्तकात आहे. पुस्तक लाखांनी खपले आणि वजन उतरवणे हा बायकांचा कायमचा उद्योग झाला.

त्यातच तयार कपड्यांचा जमाना आला. आपल्या लुगड्याला साइझ नसतो. बाळंतपणाआधी आणि नंतर, वाढल्या वयात आणि उतारवयात, तेच पातळ निऱ्यांची संख्या बदलून नेसता येते. शिवलेल्या तयार झग्याचे तसे नाही. तिथे कापड बाईला बसत नाही, बाईने कापडात बसायचे असते. १९२० च्या दशकात सरळसोट, आखूड झग्यांची फॅशन आली आणि व्यापाऱ्यांना नवे गिऱ्हाईक सापडले. १९२८ साली लकी स्ट्राइक सिगरेटच्या कंपनीने बायकांना उद्देशून जाहिरात सुरू केली : गोड खावेसे वाटले तर त्याऐवजी आमची सिगरेट ओढा. वजनाची भीती दाखवून फुप्फुसाचा रोग विकण्याचा हा उघड धंदा होता.

त्याहून भयंकर प्रकार १९३३ नंतर झाला. डायनायट्रोफिनॉल हे रसायन. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधल्या दारूगोळ्याच्या कारखान्यांत ते वापरले जाई आणि तिथले कामगार रोडावत. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी त्याचा वजन उतरवण्यासाठी उपयोग होतो असे दाखवले, आणि वर्ष-सव्वा वर्षात सुमारे एक लाख अमेरिकनांनी ते घेतले. वजन खरोखर उतरे. पण अंगाची काहिली होऊन काहींचे प्राण गेले आणि कित्येक तरुण बायकांच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाले. १९३८ च्या औषधविषयक कायद्यानंतर ते बाजारातून गेले. पुढे ॲम्फेटामिनच्या रंगीबेरंगी गोळ्या आल्या. १९९७ साली 'फेन-फेन' मधली औषधे हृदयाच्या झडपांना अपाय करतात म्हणून परत घ्यावी लागली. झटपट वजन उतरवणाऱ्या औषधाकडे डॉक्टर आजही जरा जपून पाहतात, त्याचे कारण हा इतिहास.

नॉर्माच्या शोधात क्लीव्हलंड

तयार कपड्यांच्या मापांचा गोंधळ मिटवावा म्हणून अमेरिकन सरकारच्या गृहविज्ञान खात्याने १९३९-४० मध्ये सुमारे १५,००० बायकांची मापे घेतली. प्रत्येकीची ५९ मापे! मोजणी झाली ती सगळ्या वर्णांच्या बायकांची, पण अंतिम हिशेबात धरली फक्त गोऱ्या बायकांची.

अशाच मापांच्या सरासरीवरून डॉ. रॉबर्ट डिकिन्सन आणि शिल्पकार एब्रम बेल्स्की यांनी एक पुतळी घडवली आणि तिचे नाव ठेवले 'नॉर्मा'. ती क्लीव्हलंडच्या आरोग्य संग्रहालयात आली. १९४५ साली तिथल्या वृत्तपत्राने स्पर्धा लावली : या नॉर्माशी जुळणारी बाई ओहायोत कोण आहे? ३,८६४ बायकांनी आपली मापे पाठवली. नऊ मापे जुळायला हवी होती. नऊच्या नऊ जुळलेली एकही निघाली नाही. त्यातल्या त्यात जवळची म्हणून एका तरुणीला बक्षीस दिले गेले.

यावरून काय शिकायला हवे होते? सरासरी बाई ही कागदावर असते, रस्त्यावर नसते. पण तेव्हाच्या बऱ्याच जाणत्यांनी उलटाच निष्कर्ष काढला, की अमेरिकन बायकांनी व्यायामाकडे दुर्लक्ष केल्यामुळे त्या बिघडल्या आहेत! पुतळी चुकली असे म्हणण्यापेक्षा ३,८६४ बायका चुकल्या असे म्हणणे त्यांना सोपे वाटले.

विम्याचा तक्ता

दुसऱ्या वाक्याची, म्हणजे नर्सबाईंच्या कागदाची, खरी जन्मभूमी न्यूयॉर्क. तिथल्या मेट्रोपॉलिटन लाइफ इन्शुरन्स कंपनीतले संख्याशास्त्रज्ञ लुई डब्लिन यांनी विमेदारांच्या मृत्यूंचे हिशेब मांडले. काळ बदलला होता. क्षय ओसरू लागला होता आणि हृदयविकार वाढत होता. जाड विमेदार लवकर मरतात आणि कंपनीला पैसे मोजावे लागतात, हे दिसत होते. १९४२ साली बायकांसाठी आणि १९४३ साली पुरुषांसाठी कंपनीने 'आदर्श वजना'चे तक्ते छापले. १९५९ मध्ये ते सुधारून 'इष्ट वजन' असे नाव दिले. हे तक्ते दवाखान्यांच्या भिंतींवर गेले आणि कित्येक वर्षे डॉक्टर त्यांवरून बायकांना बोल लावत राहिले.

तक्त्यात गंमती पुष्कळ. बांधा लहान, मध्यम की मोठा, याचे तीन रकाने. पण बांधा ठरवायचा कसा, हे मुळात सांगितलेलेच नव्हते. विमा काढणारे लोक बहुतांश गोरे आणि बऱ्या परिस्थितीतले. १९५९ च्या तक्त्यात पाच फूट चार इंच, मध्यम बांध्याच्या बाईचे वजन ११३ ते १२६ पौंड हवे. १९८३ च्या तक्त्यात तिला १२४ ते १३८ पौंडांची मुभा. म्हणजे चोवीस वर्षांत दहा-बारा पौंडांची सूट! त्यातही मेख अशी, की पहिल्या तक्त्यात उंची दोन इंची टाचेसकट धरलेली आणि दुसऱ्यात एक इंची टाचेसकट. तेव्हा फरकाचा काही भाग निव्वळ चपलेचा. ज्या आकड्यापायी बायका रात्री उपाशी झोपल्या, त्याची ही कुंडली.

तरी एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. तक्ता ओबडधोबड होता, पण त्यामागचे निरीक्षण खोटे नव्हते. फार जाड माणसांना मधुमेह, रक्तदाब आणि हृदयविकार अधिक होतात, हे पुढच्या अभ्यासांनीही दाखवले. विमा कंपनीला ग्राहकाच्या रूपाशी कर्तव्य नव्हते. तिचा प्रश्न एवढाच, की हा गट सरासरी किती जगेल? तो प्रश्न योग्य होता. चूक झाली ती गटासाठी काढलेला आकडा एकेकट्या बाईच्या कपाळावर चिकटवण्यात.

उपासाचा प्रयोग आणि राणीबागेतली नव्हे, सेंट्रल पार्कमधली सभा

तक्त्यातल्या रकान्यात बसायचे, तर बाईने खायचे कमी करावे हे ओघाने आलेच. पण कमी खाल्ल्याने माणसाचे काय होते? याचा सर्वांत कसून अभ्यास मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ मध्ये झाला. महायुद्धात उपासमार झालेल्या युरोपला पुन्हा जेवू कसे घालावे, हे ठरवण्यासाठी अॅन्सेल कीज यांनी छत्तीस निरोगी तरुणांना स्वेच्छेने चोवीस आठवडे अर्धपोटी ठेवले. दिवसाला सुमारे १५७० कॅलरी मिळत. ही मुले चिडकी झाली, उदास झाली, त्यांना थंडी वाजू लागली. दिवसभर डोक्यात अन्नाशिवाय विषय नाही. काही जण पाककृतींची पुस्तके वाचत बसत. प्रयोग संपल्यावर कित्येकांना पोट भरल्याची जाणीवच होईना, ते खातच राहिले. शास्त्राच्या भाषेत ही उपासमार. बायकांच्या मासिकांत मात्र याहून कमी खाण्याला 'डाएट' म्हणत होते, आणि ते मोडले की दोष बाईच्या मनोनिग्रहाचा!

१९६१ साली न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात जीन निडेच नावाच्या गृहिणीने मैत्रिणींना घरी बोलावून आपापले खाण्याचे चोरटे प्रकार एकमेकींना मोकळेपणी सांगायला सुरुवात केली. एकटीने कुढण्यापेक्षा चौघींत बोलणे बरे, हा तिचा अनुभव. १९६३ मध्ये त्यातून 'वेट वॉचर्स' ही कंपनी निघाली. मूळ कल्पना आपल्या भिशीसारखी आपुलकीची होती. पुढे तिचा प्रचंड व्यवसाय झाला.

याच दशकात लंडनची ट्विगी ही काटकुळी मॉडेल जगभर गाजली. त्याला तोंडावर उत्तर मिळाले ते १९६७ च्या जून महिन्यात. सेंट्रल पार्कमध्ये सुमारे पाचशे माणसे जमली, खाऊ खाल्ला आणि ट्विगीचे चित्र व डाएटची पुस्तके जाळली. १९६९ साली जाड व्यक्तींच्या हक्कांसाठी एक राष्ट्रीय संघटना न्यूयॉर्कमध्ये स्थापन झाली. बॉस्टनच्या बायकांनी एकत्र येऊन लिहिलेले 'अवर बॉडीज, अवरसेल्व्हज' हे पुस्तक १९७३ मध्ये मोठ्या प्रकाशकाकडून निघाले. आपल्या शरीराची माहिती आपण करून घ्यावी, डॉक्टरांनी ती कृपा म्हणून द्यायची नसते, असा त्याचा सूर. आणि १९८३ च्या फेब्रुवारीत गायिका कॅरन कार्पेंटर बत्तिसाव्या वर्षी गेली. ॲनोरेक्सिया म्हणजे काय, हे सामान्य अमेरिकनांना त्या बातमीने कळले.

लेकीच्या वाक्याची ही वंशावळ आहे. 'तू आहेस तशी छान आहेस' हे लाड नव्हेत. सत्तर वर्षे बायकांना गोळ्या, सिगरेटी आणि उपास विकणाऱ्या बाजाराला दिलेला तो नकार आहे. हा नकार ज्यांनी दिला, त्यांनी आपल्या मुलींवर उपकारच केले. शिवाय काट्याच्या आणि बोलण्याच्या धास्तीने डॉक्टरांकडे जायचेच टाळणाऱ्या बायका काही थोड्या नाहीत. त्यांचा आजार वजनाने नव्हे, लाजेने लपतो आणि बळावतो.

पुरुषांवरून काढलेला आकडा

आता बीएमआय. किलोतले वजन मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचे. हे समीकरण मुळात बेल्जियमच्या अॅडॉल्फ केटले यांचे. ते व्यवसायाने खगोलशास्त्रज्ञ. 'सरासरी माणूस' ही कल्पना त्यांनी १८३५ च्या ग्रंथात मांडली, आणि प्रौढांचे वजन साधारणपणे उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात असते असे दाखवले. रोगनिदानाशी त्यांचा काही संबंध नव्हता. १९७२ साली, मिनेसोटाच्या त्याच अॅन्सेल कीज यांनी विम्याच्या तक्त्यांना कंटाळून हे समीकरण पुन्हा वर काढले, पाच देशांतल्या सुमारे ७,४०० जणांवर तपासले आणि त्याला 'बॉडी मास इंडेक्स' असे नाव दिले. हे ७,४०० जण कोण? सगळे पुरुष. बाई एकही नाही.

पुढे सीमारेषा कशा बदलल्या तेही पाहण्यासारखे आहे. १९८५ मध्ये अमेरिकेत बायकांना २७.३ च्या वर 'ओव्हरवेट' म्हणायचे ठरले. १९९८ च्या जूनमध्ये ती रेषा २५ वर आणली. एका रात्रीत अडीच कोटींहून अधिक अमेरिकन माणसे ओव्हरवेट झाली. कोणी एक घासही जास्त खाल्ला नव्हता.

हे सगळे वाचून एखादी म्हणेल, "म्हणजे आकडा थोतांडच की! फेकून द्या तो काटा." थांबा. इथेच आपली वाट इतर अमेरिकन बायकांहून वेगळी होते, आणि ती वेगळी का होते हे दाखवणारे संशोधन आपल्या पुण्यात झालेले आहे.

पुण्याने लावलेला शोध

पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्यापुढे एक कोडे होते. मधुमेहाचे त्यांचे रुग्ण पुस्तकात लिहिल्यासारखे जाड नव्हते. १९९३ पासून त्यांनी आणि साउदॅम्प्टनच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायकांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. गावातले बाळ सरासरी २.७ किलोचे, साउदॅम्प्टनचे ३.५ किलोचे. आपल्या बाळाचे स्नायू कमी, पोटातले अवयव लहान. पण चरबी? ती त्या मानाने जवळजवळ शाबूत. म्हणजे काडीसारख्या दिसणाऱ्या तान्ह्या बाळातही मेदाचे प्रमाण अधिक.

२००४ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात याज्ञिकांनी आपला आणि लंडनच्या जॉन युडकिन यांचा जोडीचा फोटो छापला. दोघेही सडपातळ. दोघांचाही बीएमआय २२.३, अगदी दशांशापर्यंत सारखा. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के. याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. एक चित्र हजार आकड्यांचे काम करून गेले.

त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी आशियाई लोकांसाठी २३ आणि २७.५ हे सावधगिरीचे टप्पे सुचवले. भारतातल्या तज्ज्ञांनी २००९ मध्ये २३ च्या वर जादा वजन आणि बायकांच्या कमरेचा घेर ८० सेंटीमीटरच्या, म्हणजे साडेएकतीस इंचांच्या, वर धोक्याचा मानला. अमेरिकन डायबेटिस असोसिएशननेही २०१५ पासून आशियाई अमेरिकनांची साखर बीएमआय २३ पासूनच तपासावी असे सांगितले.

हिशेब करून पाहू. पाच फूट दोन इंच उंचीच्या बाईचा बीएमआय २५ होतो सुमारे १३७ पौंडांना, आणि २३ होतो सुमारे १२६ पौंडांना. या मधल्या अकरा पौंडांत आपल्यापैकी कितीतरी जणी आहेत. नर्सबाईंचा कागद त्यांना 'नॉर्मल' म्हणतो, लेक 'छान' म्हणते, आजी तर 'वाळलीस' म्हणते. आणि रक्तातली साखर मात्र मुकाट्याने चढत असते. गरोदरपणी साखर वाढलेली असेल, आईवडिलांना मधुमेह असेल, तर अधिकच. १२६ पौंडांची बाई लठ्ठ झाली असा याचा अर्थ मुळीच नव्हे. तिने रक्त तपासून घ्यावे, एवढाच अर्थ.

चौथे वाक्य

तर तिन्ही वाक्ये आपापल्या जागी खरी होती. आजीचे वाक्य क्षयासाठी, विमा कंपनीचे हृदयविकारासाठी, लेकीचे बाजाराच्या जाचासाठी. आपल्यापुढे उभा आहे तो बारीक अंगात दडलेला मधुमेह. त्याला चौथे वाक्य हवे.

ते शोधताना गेल्या काही दशकांतल्या तीन अभ्यासांचा मला फार दिलासा वाटतो. टेक्सासमध्ये स्टीव्हन ब्लेअर यांनी १३,००० हून अधिक लोकांना ट्रेडमिलवर चालवले. त्यांत ३,१२० बायका होत्या. १९८९ मध्ये त्यांनी दाखवले, की ज्यांचा दमसास अगदीच कमी त्यांचे मृत्यू सर्वांत जास्त, आणि थोडा दमसास वाढला तरी मोठा फरक पडतो. दुसरा अभ्यास २००२ सालचा, मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ३,२३४ अमेरिकनांचा. त्यांच्यापुढे 'आदर्श वजना'चे ध्येय ठेवलेच नव्हते. आहे त्या वजनाच्या सात टक्के उतरवा आणि आठवड्याला दीडशे मिनिटे चाला, इतकेच. तेवढ्याने मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले. १६० पौंडांच्या बाईला सात टक्के म्हणजे अकरा पौंड. तिची साडी तीच राहते, ब्लाउज फार तर जरा सैल होतो. तिसरा अभ्यास चेन्नईचा, डॉ. ए. रामचंद्रन यांचा, २००६ सालचा. त्यात खाण्या-चालण्यातल्या बदलाने मधुमेह सुमारे २८ टक्क्यांनी कमी झाला, आणि तोही वजनात लक्षात येण्याजोगी घट न होता. काटा हलला नाही, प्रकृती मात्र सुधारली!

२०२१ नंतर सेमाग्लुटाइडसारखी इंजेक्शने वजनासाठी मिळू लागली. जुन्या विषारी गोळ्यांच्या माळेत त्यांना बसवणे अन्यायाचे होईल, कारण त्यांच्या चाचण्या कसून झाल्या आहेत आणि काही रुग्णांना त्यांचा खरा लाभ होतो. पण लग्नाच्या हॉलमध्ये बारीक दिसायचे म्हणून ती घ्यायची, की साखर आणि हृदय सांभाळायचे म्हणून, हा प्रश्न स्वतःला विचारल्याशिवाय डॉक्टरांना विचारू नये. २०२३ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशननेही जाहीर केले, की बीएमआय हे अपुरे माप आहे आणि एकट्या त्यावर विसंबू नये. उशिरा का होईना, दवाखान्याने नॉर्माला निरोप दिला म्हणायचा.

शेवटी आपल्या घरांपुरते सांगते. रूप आणि प्रकृती हे दोन वेगळे प्रश्न आहेत. १९१८ नंतर बाजाराने त्यांची गाठ मारली, ती आपण सोडवली पाहिजे. आरशाला आरशाचे काम करू द्या. प्रकृतीसाठी शिवणाच्या डब्यातली टेप बरी. श्वास सोडून, शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मध्यावर ती धरायची आणि आकडा डॉक्टरांना सांगायचा. साखर, रक्तदाब, मेद यांची वर्षातून एकदा तपासणी. जेवणात डाळ-उसळ-ताक जरा जास्त, भात जरा कमी. जेवल्यावर फेरी, आणि आठवड्यातून दोनदा स्नायूंचा काही व्यायाम, कारण आपल्याकडे जन्मापासून तुटवडा असलाच तर तो स्नायूंचा आहे.

आणि मंडळाच्या कार्यक्रमात कुणाला बऱ्याच दिवसांनी भेटलात, की 'जाड झालीस' आणि 'बारीक झालीस' हे दोन्ही शेरे पोटातच ठेवा. काय विचारायचे असेल तर हे विचारा : "रोज चालायला जातेस का गं? उद्या मी पण येते."